एक मोसम, दोन विजेते आणि तीस वर्षांचा जादा वेळ

१३ डिसेंबर १९८७, रविवार. ब्राझीलमध्ये त्या दिवशी दोन अंतिम सामने होते.

एक रिओ द जानेरोच्या माराकाना स्टेडियममध्ये. नव्वद हजारांहून जास्त प्रेक्षक, लाल-काळ्या पट्ट्यांची जर्सी घातलेला फ्लामेंगो, त्यात झिको, बेबेटो, रेनाटो गाऊशो अशी एकाहून एक नावं. समोर दक्षिणेतल्या पोर्टो अलेग्रेचा इंटरनॅसिओनाल, आणि त्यांच्या गोलमध्ये टफारेल नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा. पहिला सामना १-१ असा सुटला होता. इथे सोळाव्या मिनिटाला बेबेटोने टफारेलला चकवलं आणि तो एकच गोल शेवटपर्यंत पुरला. चषक उचलला गेला, रिओत रात्रभर फटाके वाजले.

दुसरा सामना तिथून जवळपास १९०० किलोमीटर दूर, ईशान्येकडच्या रेसिफे शहरात, इल्या दो रेतिरो नावाच्या मैदानावर. यजमान स्पोर्ट, पाहुणा काम्पिनास शहराचा ग्वारानी. आठवड्यापूर्वी ग्वारानीने घरच्या मैदानावर २-० ने बाजी मारली होती. आता स्पोर्टने ३-० ने परतफेड केली. गोलफरक धरायचा नाही असा नियम, म्हणून जादा वेळ. त्यात एकही गोल नाही, म्हणून पेनल्टी. आणि त्या पेनल्टी संपेचनात. मैदानावरच्या प्रत्येकाची किमान एकेक पाळी होऊन गेली. ११-११ झाले तेव्हा दोन्ही क्लबांच्या पदाधिकाऱ्यांनी आपसांत बोलून ठरवलं, की आता पुरे. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही, सगळे घरी गेले.

तर मग १९८७ चा ब्राझीलचा राष्ट्रीय विजेता कोण? माराकानात चषक उचलणारे, की पेनल्टी अर्ध्यावर सोडून घरी जाणाऱ्यांपैकी कोणी?

याचा शेवटचा निकाल लागला १८ एप्रिल २०१७ रोजी. तो दिला ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने. आणि उत्तर होतं: स्पोर्ट. एकटा स्पोर्ट.

हे कसं झालं ते समजून घ्यायला लागलं की डोकं गरगरतं आणि मजाही वाटते. कारण यात लबाडी, हट्ट, अन्याय, पैसा, प्रादेशिक अस्मिता सगळं आहे, पण फुटबॉलच्या मैदानावर कोणी फारसं काही चुकीचं केलेलं नाही.

सुरुवात करावी लागते ती नकाशापासून. पोर्टो अलेग्रे ते रेसिफे हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर. विमानप्रवास सर्रास नव्हता त्या काळात एवढ्या मोठ्या देशात दर आठवड्याला संघ फिरवणं केवळ अशक्य. त्यामुळे ब्राझीलचं फुटबॉल वाढलं ते राज्याराज्यांतून. साओ पावलो राज्याची स्पर्धा १९०२ पासून, रिओची १९०६ पासून. लोकांची खुन्नस, गाणी, भांडणं सगळी राज्यातल्या राज्यात. क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९ मध्ये सुरू झाली तीही बाद पद्धतीची. राष्ट्रीय अजिंक्यपद या नावाने मोसम सुरू झाला १९७१ मध्ये. म्हणजे ब्राझीलने १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक जिंकून झाले, पेले जगाचा लाडका होऊन बसला, आणि त्यानंतर देशाला आपली धड राष्ट्रीय लीग सुचली! आपल्याकडे संतोष करंडक १९४१ पासून राज्यांच्या नावाने खेळला जातो आणि राष्ट्रीय लीगला १९९६ उजाडावं लागलं, त्यामुळे मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये. फरक एवढाच की त्यांच्याकडे तोवर तीन विश्वचषक होते.

१९७१ च्या त्या मोसमात वीस क्लब होते. ही संख्या पुढे वाढत गेली, आणि ती वाढवण्यामागे फुटबॉलपेक्षा राजकारण जास्त होतं. १९६४ पासून देशात लष्करी राजवट होती, आणि अरेना हा तिचा पक्ष. जिथे अरेनाची हवा बिघडेल तिथला एक क्लब राष्ट्रीय स्पर्धेत घ्या, असं लोक उघड म्हणत. १९७९ च्या मोसमात किती क्लब खेळले असतील? चौऱ्याण्णव! एवढ्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची म्हणजे गट, उपगट, फेऱ्या, पुन्हा गट. त्या काळच्या स्पर्धेची नियमावली वाचणं हे आपल्याकडच्या सातबाऱ्यावरचे फेरफार वाचण्यासारखं आहे: प्रत्येक ओळ खरी, आणि शेवटी जमीन कोणाची ते काही कळत नाही.

लष्करी राजवट १९८५ मध्ये गेली, पण तिने लावलेली सवय गेली नाही. १९८६ चा मोसम तर असा रखडला, की त्याची अंतिम लढत खेळली गेली २५ फेब्रुवारी १९८७ ला. मध्येच निकाल बदलले गेले, क्लब कोर्टात गेले, ज्यांना बाहेर काढायचं त्यांना काढता येईना म्हणून सगळ्यांनाच आत घेतलं. शेवटी अंतिम सामन्यात समोरासमोर आले साओ पावलो आणि ग्वारानी.

या ग्वारानीबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण सगळ्या भांडणात त्याची आठवण कोणी काढत नाही. काम्पिनास ही कार्लोस गोमेस या ब्राझिलियन संगीतकाराची जन्मभूमी आणि क्लबला नाव मिळालंय त्याच्या गाजलेल्या ऑपेरावरून. १९७८ मध्ये या क्लबने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. राज्याच्या राजधानीत नसलेल्या गावाचा क्लब देशात पहिला, हे तेव्हाही नवल होतं. त्या अंतिम सामन्यात ग्वारानीसाठी गोल करणारा कोवळा मुलगा होता कारेका. पुढे तो साओ पावलोकडे गेला. आणि १९८६ च्या त्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी ग्वारानी ३-२ ने पुढे असताना गोल करून ३-३ बरोबरी साधणारा कोण, तर हाच कारेका. पेनल्टीवर साओ पावलो जिंकलं. घरच्याच मुलाने घरच्याच मैदानावर केलेला हा घात; ग्वारानी उपविजेता.

उपविजेता म्हणजे देशात दुसरा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८७ च्या मध्यावर ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे सीबीएफने, चक्क हात वर केले. आमच्याकडे यंदा राष्ट्रीय स्पर्धा भरवायला पैसे नाहीत, असं जाहीर करून टाकलं. विश्वचषक तीनदा जिंकलेल्या देशाचा महासंघ हे म्हणतो, यावर विश्वास बसत नाही, पण तसंच घडलं. मोठे क्लब या संधीची वाटच पाहत होते. ११ जुलै १९८७ रोजी तेरा क्लब एकत्र आले आणि त्यांनी आपलं मंडळ काढलं. नावही तसंच, तेरांचा क्लब. रिओचे चार, साओ पावलो राज्यातले चार, बेलो ओरिझोन्तेचे दोन, पोर्टो अलेग्रेचे दोन, आणि साल्वादोरचा बाहिया. यातलं एक नाव आपल्या ओळखीचं: वास्को द गामा. गोव्यातल्या वास्को शहराला ज्या दर्यावर्दीचं नाव आहे त्याच्याच नावाचा हा रिओचा क्लब. (पुढे या मंडळाचे सभासद वीस झाले, त्यात स्पोर्टही शिरला, तरी पाटीवर आकडा तेराच राहिला.)

तेरांनी आणखी तिघांना बोलावलं: कोरितिबा, गोइयास आणि सांता क्रूझ. झाले सोळा. स्पर्धेचं नाव ठेवलं कोपा उनियाव, एकजुटीचा चषक. आणि मग या मंडळींनी जे केलं ते आधीच्या सोळा वर्षांत कोणाला जमलं नव्हतं. टीव्ही ग्लोबोला प्रक्षेपण विकलं. वारीग विमान कंपनीशी प्रवासाचा करार केला. कोका-कोलाकडून पैसा आणला. ज्या क्लबांना स्वतःचा पुरस्कर्ता नव्हता त्यांच्या छातीवर त्या वर्षी कोका-कोलाचं नाव झळकलं. सोळाच संघ, म्हणजे जवळजवळ प्रत्येक सामना तोलामोलाचा. स्टेडियममध्ये सरासरी वीस हजारांवर प्रेक्षक येऊ लागले. धंदा म्हणून पाहिलं तर ब्राझिलियन लीगचा खरा जन्म हाच.

पण एकजुटीचा हा चषक होता कोणाच्या एकजुटीचा? निवड करताना आदल्या वर्षीचा निकाल पाहिलाच नव्हता. पाहिलं होतं ते नाव, प्रेक्षकसंख्या आणि टीव्हीवरचं वजन. त्यामुळे देशात दुसरा आलेला ग्वारानी बाहेर! आदल्या मोसमात उपांत्य फेरीपर्यंत पोचलेला रिओचा अमेरिका क्लब बाहेर! १९८६ ची साओ पावलो राज्याची स्पर्धा जिंकणारा लिमेइरा गावाचा छोटा क्लब, तोही बाहेर. मैदानावर कमावलेलं मैदानाबाहेर पुसून टाकता येतं, हे या मोसमात पहिल्यांदा दिसलं. माराकानाचं प्रेमाने वर्णन करणारे लेख हा भाग भरभर वाचून जातात, मला मात्र सगळ्या भानगडीचं मूळ इथेच दिसतं.

बाहेर राहिलेल्यांनी ओरडा केला. सीबीएफ जागी झाली. पैसे नाहीत म्हणणाऱ्या महासंघाने आता दुसऱ्या सोळा क्लबांची स्पर्धा उभी केली, आणि दोन्ही मिळून एकच राष्ट्रीय अजिंक्यपद आहे असं जाहीर केलं. तेरांच्या स्पर्धेला नाव दिलं हिरवा गट. उरलेल्यांचा पिवळा गट. त्याखाली निळा आणि पांढरा गट, धाकट्या क्लबांसाठी. पिवळ्या गटात ग्वारानी होता, रेसिफेचा स्पोर्ट होता, बांगू, पोर्तुगेझा, क्रिसिउमा, विटोरिया असे बरेच होते. अमेरिका क्लबलाही याच गटात टाकलं, आणि त्या क्लबने स्वाभिमानाने एकही सामना खेळायला नकार दिला.

आता ते कलम, ज्यावर तीस वर्षं गेली. सीबीएफच्या नियमावलीत लिहिलं होतं, की हिरव्या गटाचे पहिले दोन आणि पिवळ्या गटाचे पहिले दोन अशा चौघांची शेवटी आपसांत लढत होईल. तीत जो जिंकेल तो राष्ट्रीय विजेता, आणि पहिले दोघे खंडाच्या लिबर्टाडोरेस चषकाला जातील. तेरांच्या वतीने सीबीएफशी बोलणी करत होते वास्कोचे युरिको मिरांडा. त्यांनी या चौरंगी लढतीला संमती दिली, असं सीबीएफ म्हणते. तसा अधिकार त्यांना आम्ही दिलाच नव्हता, असं तेरा जण म्हणतात. या एका सहीचा कीस पुढे किती काढला गेला असेल याची कल्पना करा!

सामने मात्र देखणे झाले. हिरव्या गटात अॅटलेटिको मिनेरो हा बेलो ओरिझोन्तेचा क्लब सुसाट सुटला होता. प्रशिक्षक तेले सांताना, म्हणजे १९८२ च्या त्या लोभस ब्राझील संघाचे गुरू. उपांत्य फेरीपर्यंत त्यांचा संघ अपराजित. तिथे फ्लामेंगो समोर आला, आणि तोही कसाबसा पात्र ठरून. पहिला सामना फ्लामेंगोने १-० ने घेतला. दुसरा बेलो ओरिझोन्तेच्या मिनेराव स्टेडियममध्ये. झिको आणि बेबेटोने दोन गोल करून टाकले, यजमानांनी दोन्ही फेडले, मैदान पेटलं. सामना संपायला थोडा वेळ उरलेला असताना रेनाटोला अर्ध्या मैदानाच्या आसपास चेंडू मिळाला. पुढे मोकळं रान. हा गडी दणकट, खांद्यापर्यंत केस, धावायला लागला की अंगावर येणारा. बचावपटू मागे पळतायत, हा चेंडू पुढे ढकलत सरळ गोलकडे. गोलकीपर जोआव लेइते बाहेर आला, रेनाटोने त्याला बगल दिली आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू टाकला. ३-२. अपराजित अॅटलेटिको पहिल्यांदा ज्याच्याकडून हरले त्यानेच त्यांना घरी बसवलं.

झिकोचं त्या मोसमातलं खेळणं हा वेगळाच विषय. वय चौतीस. दोन वर्षांपूर्वी एका भीषण धसमुसळ्या टॅकलमध्ये गुडघा मोडला होता, शस्त्रक्रिया झाल्या होत्या, १९८६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध चुकलेली पेनल्टी लोक विसरले नव्हते. त्या गुडघ्यावर तो खेळत राहिला. माराकानातल्या अंतिम सामन्यातही तो होता आणि शेवटपर्यंत टिकू शकला नाही. आपल्याकडच्या अनेकांनी या झिकोला प्रत्यक्ष पाहिलंय: २०१४ ते २०१६ असे तीन मोसम तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता, आणि २०१५ मध्ये त्याच्या संघाने मडगावच्या फातोर्डा मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना खेळला. चेन्नईयिनकडून ३-२ ने हरलेल्या त्या रात्री डगआऊटमध्ये उभा असलेला पांढऱ्या केसांचा माणूस एका अशा विजेतेपदाचा धनी आहे, जे त्याच्या देशाच्या कोर्टाला मान्य नाही, हे त्या गर्दीत फारच थोड्यांना ठाऊक असेल.

त्या माराकानातल्या बावीस जणांकडे आज मागे वळून पाहिलं तर अचंबा वाटतो. फ्लामेंगोकडून जोर्जिन्यो, लिओनार्दो, झिन्यो, बेबेटो, समोर टफारेल. सात वर्षांनी अमेरिकेत ब्राझीलने चौथा विश्वचषक जिंकला त्या संघात हे पाचही जण होते. फुटबॉल म्हणून त्या दिवशीचा ब्राझीलमधला सर्वोत्तम सामना कुठे झाला, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

पण पिवळ्या गटालाही कमी लेखू नका. स्पोर्टला तिथे आकार देणारा प्रशिक्षक होता एमर्सन लेआव, १९७० च्या विश्वविजेत्या संघातला गोलकीपर. ग्वारानीकडे एव्हाइर हा तरुण आघाडीपटू होता, जो पुढे राष्ट्रीय संघात गेला. स्पोर्ट आणि ग्वारानी, दोघेही चौरंगी लढतीसाठी पात्र ठरलेलेच होते, म्हणून तर ११-११ वर त्यांना पेनल्टी थांबवणं परवडलं. पुढे सीबीएफने पिवळ्या गटाचं विजेतेपद स्पोर्टच्या नावावर केलं.

आता जानेवारी १९८८. चौरंगी लढत लागली. फ्लामेंगो आणि इंटरनॅसिओनाल म्हणाले, आम्ही खेळणार नाही. तेरांनी आपसांत ठरवलं होतं की विजेता हिरव्या गटातच ठरला, पुढचं काही मानायचं नाही. फ्लामेंगोचं न जाणं समजू शकतं, चषक त्यांच्या कपाटात होता. इंटरनॅसिओनालचं मात्र कौतुक करावं की कीव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते उपविजेते होते. चौरंगी लढतीत उतरले असते तर देशाचे विजेते होण्याची आणि लिबर्टाडोरेस खेळण्याची संधी समोर होती. दिलेला शब्द पाळला आणि दोन्ही गमावलं. या प्रकरणात शब्दाला जागलेला हा एक क्लब, आणि त्याच्या पदरात काहीच पडलं नाही.

न आलेल्या संघांविरुद्ध स्पोर्ट आणि ग्वारानीला पुढे चाल मिळाली. उरले दोघेच, तेच जुने. काम्पिनासमध्ये १-१. मग ७ फेब्रुवारी १९८८, रेसिफे, इल्या दो रेतिरो. दुसऱ्या सत्रात स्पोर्टच्या मार्को अंतोनियो या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. १-०. सीबीएफने स्पोर्टला १९८७ चा विजेता जाहीर केलं. ग्वारानी सलग दुसऱ्या वर्षी उपविजेता. लिबर्टाडोरेसला ब्राझीलतर्फे हेच दोघे गेले. रिओच्या आणि साओ पावलोच्या वर्तमानपत्रांनी याला किती जागा दिली असेल ते सांगायला नको. ईशान्य म्हणजे ब्राझीलचा गरीब, दुष्काळी, थट्टेचा विषय झालेला भाग. तिथल्या क्लबाने विजेता व्हावं आणि तेही अशा वाटेने, हे आग्नेयेकडच्या श्रीमंत शहरांना पचणं शक्यच नव्हतं. गंमत म्हणजे १९८८ चं अजिंक्यपद बाहियाने जिंकलं, तोही ईशान्येचाच. तेव्हा मात्र कोणाला हरकत घ्यायला जागा नव्हती.

स्पोर्टला अंदाज होता की कागद आज आपल्या बाजूने आहे, उद्या असेलच असं नाही. म्हणून क्लबने आपल्याच पेर्नांबुको राज्यातल्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. म्हणणं साधं: नियमावलीत चौरंगी लढत होती, मोसम सुरू झाल्यावर नियम बदलायचा तर सगळ्या क्लबांची एकमुखी संमती हवी, ती नव्हती, म्हणून जो निकाल लागला तो कायम करा. १९९४ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. १९९९ मध्ये तो निकाल अंतिम झाला, म्हणजे अपिलाची सगळी दारं बंद.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती पुन्हा उकरली एका जुन्या चषकाने. १९७५ पासून एका सरकारी बँकेने ठेवलेला हा फिरता चषक, जो क्लब सलग तीनदा किंवा एकूण पाचदा राष्ट्रीय विजेता होईल त्याला कायमचा मिळायचा होता. फ्लामेंगो म्हणे, आमची १९८०, १९८२, १९८३, १९८७ आणि १९९२ अशी पाच झाली. १९८७ काढून टाकलं तर चारच उरतात, आणि मग २००७ मध्ये पाचवं जिंकणाऱ्या साओ पावलोचा हक्क लागतो. फेब्रुवारी २०११ मध्ये बँकेने चषक साओ पावलोच्या हाती दिला. रिओत आगडोंब उसळला. आठवडाभरातच सीबीएफने ठराव करून टाकला: १९८७ चे विजेते दोन, स्पोर्ट आणि फ्लामेंगो. तेवीस वर्षं ज्या महासंघाने एकच विजेता सांगितला, त्याला आठवड्यात साक्षात्कार झाला!

स्पोर्ट पुन्हा कोर्टात. त्या वेळी प्रश्न बदलला होता, आणि मला या सगळ्या प्रकरणात हे वळण सर्वांत विलक्षण वाटतं. कोर्टापुढे आता फुटबॉल नव्हतंच. झिको चांगला की मार्को अंतोनियो, माराकाना मोठं की इल्या दो रेतिरो, हिरवा गट सरस की पिवळा, यातलं काही न्यायाधीशांनी तोलायचं नव्हतं. प्रश्न एवढाच, की १९९९ मध्ये अंतिम झालेला निकाल एखादा महासंघ आपल्या ठरावाने पातळ करू शकतो का? एका विजेत्याच्या जागी दोन लिहिले तर पहिल्या निकालाचा भंग होतो की नाही? एका न्यायाधीशाचं मत पडलं की होत नाही, स्पोर्टचं काहीच काढून घेतलेलं नाही, फक्त शेजारी दुसरं नाव लिहिलंय. इतर तिघांचं मत, की विजेता म्हणजे एकच. दुसरा जोडला की पहिल्याचं विजेतेपद अर्धं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल ३-१. खंडपीठातले पाचवे न्यायाधीश या प्रकरणातून बाजूला झाले होते, कारण त्यांचा मुलगा फ्लामेंगोचा वकील होता. फुटबॉलच्या सामन्यात सुद्धा इतका सभ्य स्कोअर क्वचित लागतो.

एक गंमत राहिली. १९८७ ची चौरंगी लढत ही पोरकट कल्पना होती, पिवळ्या गटातला संघ हिरव्यातल्याशी काय लढणार, असं फ्लामेंगोचे चाहते आजही म्हणतात. २००० साली ब्राझीलवर तोच प्रसंग पुन्हा आला. कोर्टकचेरीमुळे सीबीएफला स्पर्धा भरवता येईना, पुन्हा तेरांच्या मंडळाने सूत्रं घेतली, पुन्हा रंगांचे गट पाडले, एकूण ११६ क्लब. त्या वेळी मात्र खालच्या गटातले संघ शेवटच्या फेऱ्यांत वरच्यांशी खरोखर भिडले. आणि साओ कायतानो नावाचा, फारसं कोणाला माहीत नसलेला क्लब पिवळ्या गटातून निघून थेट अंतिम सामन्यात पोचला! तिथे वास्कोने त्याला हरवलं, पण एकेका बड्या क्लबाला पाडत तो आला होता. १९८८ च्या जानेवारीत स्पोर्टशी खेळायला कोणी आलं असतं तर काय झालं असतं, याचं सगळ्यात जवळचं उत्तर तेच.

२००३ पासून ब्राझीलमध्ये सगळे सगळ्यांशी दोनदा खेळतात आणि गुणांवर विजेता ठरतो. रंगांचे गट गेले, चौरंगी लढती गेल्या. पण हिशेब मिटलेला नाही. फ्लामेंगोने २०१९ मध्ये अजिंक्यपद जिंकलं तेव्हा सीबीएफच्या यादीत ते सहावं होतं आणि क्लबाच्या यादीत सातवं. स्पोर्टच्या बोधचिन्हावर १९८७ चा सोनेरी तारा आहे. आणि ज्या अमेरिका क्लबने अपमान गिळण्यापेक्षा मोसमच सोडून दिला, त्याला १९८८ मध्ये वरच्या श्रेणीत परत घेतलं, त्याच वर्षी तो खाली घसरला आणि नंतर पुन्हा वर आलेला नाही.

माझं मत विचाराल तर १९८७ चा विजेता स्पोर्टच, कारण खेळायच्या आधी जे लिहिलेलं होतं ते त्यांनी पाळलं आणि जे आले त्यांच्याशी ते खेळले. त्या वर्षीचा सर्वोत्तम संघ फ्लामेंगो, हेही तितकंच खरं. पण गुन्हेगार कोण असं विचाराल तर दोघांपैकी कोणीच नाही. पैसे नाहीत म्हणून जुलैत हात झटकायचे, सप्टेंबरात दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या स्पर्धेला आपला शिक्का लावायचा, आणि तेवीस वर्षांनी आपलाच निकाल फिरवायचा, हे तिन्ही उद्योग एकाच सीबीएफचे.